कुंदाबाईच्या वाट्याची मासळी

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, कुंदाबाईवर. १९८६ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळच्या एस.टी.आधी. करणारा मी.

एटापल्लीच्या स्टँडवर ती मला सोडायला आली होती, काखेत चार महिन्यांचं लेकरू. मी चंद्रपूरला परत निघालेलो. तिथे वर्षभर मी मटण-मासळी सोडून पाहिली होती. पहाटे किल्ल्याच्या भिंतीकडेनं धावायचं, मग भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी, खानावळीत दोन वाट्या वरण. अंग हलकं झालं, दम वाढला. ते खोटं नाही. आमच्या व्यायाम मंडळाचं पत्रकही मीच लिहिलं होतं: मांसाहार सोडा, निरोगी व्हा.

बाई म्हणाली, कंबर दुखते, चालताना डोळ्यापुढं अंधारी येते. मी पत्रक तिच्या हातात दिलं. म्हटलं, आज घरी करीचं मटण शिजेल, हात लावू नको. सुकी मासळीही बंद.

“तू शिकलेला आहे बापू. सोडतो मी,” बाई म्हणाली.

गाडी सुटली. तिच्या घरी रोज काय शिजतं, हे मी विचारलं नाही.

धानकापणीत निरोप आला: बाई शेतात, धानाच्या बांधीत पडली. गावाकडच्या गाडीत बसायला जागा होती, तरी मी सगळा रस्ता उभा होतो. तिला खाटेवर घालून दवाखान्यात आणलं होतं. ओठ पांढरे. लेकरू छातीशी झोंबत होतं आणि रडत होतं. नर्सबाईनं तिची पापणी खाली ओढून पाहिली.

“खाऊन काय राह्यली ही?”

“भात अन् चिचेचं सार,” बाईची सासू म्हणाली. “मासळी त सोडली न तिनं. भावानं कागद देल्ला होता.”

“अन् तुमी?”

“आमी काऊन सोडू? तिच्या वाट्याची बापलेकाइले वाढतो.”

नर्सबाई माझ्याकडे वळली. “कागदासंगं शेंगदाने देल्ले होते का भाऊ?”

नव्हते. आमच्याकडे पुरुष उठले की बायका बसतात. डाळ तळाशी उरेल तेवढी. गाईचं दूध वासरू पितं. तिच्या ताटात बळ देणारी एकच वस्तू होती, चिमूटभर सुकी मासळी, आणि ती मी उचलली. सगळ्या घरात पत्रक पाळलं ते एकट्या तिनं. नाही म्हणायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती.

बाई उठली. तिचं दूध मात्र आटलं होतं; लेकराला तो हिवाळा पेजेवर काढावा लागला.

मी आजही चंद्रपुरात आहे, आजही मांस खात नाही, धावतो. त्याची मला लाज नाही. पण गाव सोडलं तेव्हा घर म्हणजे सुधारायची जागा वाटायची. आता घर म्हटलं की सगळ्यांत शेवटी वाढलं जाणारं ताट दिसतं.

गावी राहिलेल्यांनो, आमचा कागद आला तर विचारा, सोबत काय आणलंस. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, पुढच्या सुटीत पहिल्या पंगतीला बसू नका. बायका बसेपर्यंत थांबा. त्यांच्या ताटात घट्ट डाळ आधी वाढा, स्वतःच्या हातानं. मग सल्ला द्या, तोंड उरलं तर.