जाताना वीस, येताना एकतीस

घरातलं माणूस वाटेत असेपर्यंत तुळसाबाई अन्नाला शिवत नसत. हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला. इंझोरीत दुसरं कुणी तो पाळत नसे. बैलगाडी वाशीमला कधी टेकेल ते त्या उन्हावरून ओळखत आणि मगच ताट वाढून घेत. अंदाज सहसा चुकत नसे.

१९५३च्या दिवाळीनंतर त्यांचा मुलगा इंद्रभान शेतकीच्या शिक्षणासाठी मुंबईहून विमानानं लंडनला निघाला. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. त्याचं पत्र मीच वाचून दाखवलं. विमान मंगळवारी दुपारी दोनला निघणार होतं, बुधवारी सकाळी दहाला पोचणार होतं.

"किती कोस म्हना, मास्तर?"

शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर मी दोरा ताणून पाहिला होता. "साडेचार हजार मैल. म्हणजे सव्वादोन हजार कोस."

त्यांनी बोटं मोजली. बैल दिवसाला दहा कोस चालतो. "गाडीबैलानं गेला असता त पेरनीलेच पोचला असता!"

"विमान मधे दोन ठिकाणी उतरतं, काकू. तिथं पोचला की जेवलात तर?"

"धरमशाळेत टेकलं म्हंजे गाव आलं का?"

तेव्हा वीस तासांचा उपास ठरला.

बुधवारी शाळा भरण्याआधी मी मनगटी घड्याळ घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलो. दहा वाजले तसं सांगितलं. त्यांचे यजमान जगदेव म्हणाले, "अवं, टेकलं तुहं पोरगं. जेव आता."

तुळसाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हात थांबला. "मास्तर, त्यानं येतानाचा टाइम बी लिवला होता ना? वाचा बरं."

मी पत्र काढलं. पुढच्या वर्षी परतताना तिथून शुक्रवारी सकाळी दहाला निघायचं, मुंबईला शनिवारी संध्याकाळी पाचला.

"किती झाले?"

"एकतीस तास."

"जाताना वीस अन् येताना एकतीस? कायले? वाट त थेच!"

"येताना चढ असंल," जगदेव म्हणाले.

"आभायात कायचा चढ? तुमी गप बसा."

मी त्या कागदाकडे बघत राहिलो आणि मग उमगलं. उतरण्याचे दहा हे लंडनच्या घड्याळातले दहा होते. तिथं दिवस आपल्यामागून उगवतो, म्हणून घड्याळ मागे. जाताना तेवढे तास कागदावरून गळतात, येताना तेवढेच वाढतात. अकरा तासांचा फरक. त्याचे निम्मे साडेपाच. खरा प्रवास साडेपंचवीस तासांचा.

"काकू, इंद्रभान अजून हवेतच आहे. दुपारी साडेतीनला पोचेल."

त्यांनी तुकडा ताटात ठेवला, वर परात झाकली. चेहऱ्यावर राग नव्हता, घास तोंडात जायच्या आत नियम वाचला याचं समाधान होतं.

"मास्तर," जगदेव म्हणाले, "पोट्ट्यायले बी असंच शिकवता का?"

साडेतीनला मुलांना सुट्टी देऊन मी पुन्हा गेलो. या खेपेला घड्याळ त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिलं, मग जेवायला बसल्या. चार घास झाले असतील.

"म्हंजे तिथं आता सकायचे धाच?"

"हो."

"मंग माह्या पोराचा आजचा दिवस आपल्याहून साडेपाच तासानं मोठा." त्या हसल्या. "एवढ्या मोठ्या दिवसात थो किती डाव जेवन वो?"