हौसामावशींच्या बेंबीवरचा हिंग

ऐक ना गं, हसू नकोस हं. नाइट ड्यूटी करून आलेय, नर्सिंग होस्टेलच्या खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून आत येतंय, डोळे मिटतायत न मिटतायत तोच कुणीतरी खोकतं. हा खोकला माझ्या ओळखीचा. आमच्या आयसीयूतल्या पेशंट, हौसामावशींचा. आणि त्या तर मागच्या आठवड्यातच गेल्या!

"सरक जरा, पोरी," म्हणतात आणि माझ्या कॉटवर टेकतात. कॉट माझीच, पण उशाशी मॉनिटर चालू. पलीकडे मेसमधल्या बायका पोळ्या लाटतायत, तिथेच, आयसीयूत.

मी मान वर करत नाही. "मावशी, पोट कसंय?"

"आत्ता इचारतीस व्हय?"

खरंच गं. रक्त पातळ राहावं म्हणून त्यांना पोटात इंजेक्शनं चालू होती, त्यात तो खोकला. पोटाची एकच बाजू दुखते म्हणाल्या. मला वाटलं, गॅस. मेसमधून चिमूटभर हिंग आणला, आई करते तसा कालवून बेंबीवर लावला, कुणाला बोलले नाही. आणि आत, खोकून फाटलेल्या पोटाच्या स्नायूत, रक्त साठत चाललेलं! सगळ्यांना कळेपर्यंत बीपी पार खाली.

"पण सर राउंडला आले तेव्हा 'बरं हाय' का म्हणालात?"

"मग काय सांगू, ह्या पोरीनं हिंग लावलाय? फाडून खाल्लं असतं की तुला, सगळ्यांम्होरं."

"खाऊ द्यायचं होतं ना!"

मावशी माझ्या गालावरून हात फिरवतात. तेच जास्त लागतं गं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्या बेडवर आता कोण हाय?"

"एक काका आहेत. त्यांनाही तीच इंजेक्शनं."

"खोकत्यात?"

"हो."

"सकाळी पोट जड वाटतंय म्हनत हुते. तू काय म्हनलीस त्यास्नी?"

लाटणी थांबतात. सगळ्या बायका माझ्याकडेच बघतायत.

"बोल की."

"गॅस असेल, म्हणाले मी."

जाग येते तर फोन माझ्या मुठीत, आणि तो चालू! आतून आयसीयूच्या मेट्रन ओरडतायत, "हॅलो? अगं, झोपेत फोन लावलास की काय?"

"मॅडम, हौसामावशींच्या बेडवरच्या काकांच्या पोटावरची चादर काढून बघा, एक बाजू फुगलीय का. आत्ता. आणि सरांना थांबवून ठेवा, मी येतेय. मावशींच्या हिंगाचं पण त्यांना सांगायचंय."