एका पुस्तकाला एकच विषय

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल गणपतराव मुळात सज्जन. त्यांना व्याधी एकच: कुठलीही वस्तू नावाच्या चिठ्ठीशिवाय दिसली की जीव कासावीस होतो. घरी मिठाच्या बरणीवर 'मीठ' लिहिलंय. त्यांची बायको वर्षाराणी तीत साखर ठेवते, मुद्दाम.

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी विषयांची यादी बांधली. एका गोष्टीला एकच शब्द. कुणी 'फटफटी' टाका, कुणी 'मोटारसायकल' टाका, यंत्र म्हणणार, 'दुचाकी पहा'. काम चोख, हे मी कार्यकारिणीची सभासद म्हणून मान्य करते. आमच्या गावात गल्ली बदलली की वस्तूचं नाव बदलतं. पण यादी झाली आणि गणपतरावांनी पुस्तकं उघडणंच सोडलं. कव्हर बघायचं, लेखकाचं नाव बघायचं, विषय ठोकून द्यायचा.

कळंब्याच्या निशा कांबळे जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि त्यांनी शेळ्या पाळण्यावर पुस्तक लिहिलं. गोरगरिबाला फुकट वाचता यावं म्हणून एक प्रत आम्हाला दिली. मग शेळीवाला दिसला की त्याला इकडं पाठवायच्या. जो तो हात हलवत परत. यंत्रात 'शेळी' टाकलं की 'शेळीपालन पहा', आणि शेळीपालनात एकही पुस्तक नाही. शेवटी बाई स्वतः आल्या. मी तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी यंत्रात स्वतःचं नाव टाकलं. पुस्तक होतं. विषय: दलित साहित्य.

"गणपतराव, ह्यात करडांना जंताचं औषध कवा पाजायचं ते लिवलंय. ह्ये साहित्य कसं झालं?"

गणपतराव दुखावले. दलित साहित्याचं कपाट दर्शनी भागात आहे, चौदा एप्रिलला आपण स्वतः त्याला हार घालतो, मानाची जागा आहे, असं बरंच म्हणाले.

"त्या कपाटाचा मान मला नका सांगू. तुम्ही हार घातलाय, मी त्यातली पुस्तकं वाचल्यात." निशाबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या चुलत्यांचं उसाचं पुस्तक कुठल्या विषयात हाय?"

"ऊसशेती."

"मराठा साहित्यात का न्हाय?"

गणपतरावांनी खरोखर यादी उघडून पाहिली. "असा विषयच न्हाय की यादीत."

वाचणाऱ्यांनी पेपर खाली घेतले. गणपतरावांचे कान तांबडे झाले, तरी नियम सुटेना: विषय बदलायला अर्ज लागतो, कार्यकारिणीची मंजुरी लागते. मी म्हटलं, कार्यकारिणी समोर बसलीय, बदला.

बदलला. त्यासाठी पुस्तक उघडावं लागलं, हे जास्त जड गेलं असावं.

आता ते पुस्तक कपाटात ठरत नाही. एकाकडून आलं की दुसरा दारात उभा. पानांना लेंड्यांचा वास येतो. परवा गणपतराव माझ्याकडं कुरकुरत होते.

"आधी बरं हुतं, बाई. कवाबी बघा, जागच्या जागी असायचं."