कावीळ ओढणारी बाहुली

हे लिहावं की नाही, यावर माझं स्वतःशीच बरेच दिवस भांडण चालू होतं. भानामती, करणी, अंगात येणं या सगळ्याविरुद्ध मी शाळाशाळांतून बोलते. आमच्या मेडशीच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत. बाबा पत्रकं छापून आणायचे आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायची. अक्षरं ओळखायला मी त्यांच्यावरच शिकले. नारळातून निघणारं 'रक्त', आपोआप पेटणारा होम, रोज लांबत जाणारी काविळीची माळ... यातलं प्रत्येक मी स्वतःच्या हातानं करून दाखवलंय आणि त्यामागची लबाडी उघडी केली आहे. तेव्हा 'हिचा आधीपासूनच असल्या गोष्टींवर विश्वास असणार' असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी हा विचार आत्ताच सोडून द्यावा.

तरीही जे पाहिलं ते पाहिलं. सांगते.

माझी मोठी बहीण करुणाताई लग्नाआधी पुण्यात नोकरीला होती. लहान मुलांच्या ॲपसाठी चित्रं काढायची. तिथे तिला एक नाद लागला, रेझिनच्या बाहुल्यांचा. या खेळण्यातल्या बाहुल्या नव्हेत. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढी उंची, प्रत्येक सांधा वेगळा, सगळे सांधे आतून इलॅस्टिकने ओढून धरलेले, केसांचा टोप बदलता येतो, डोळेसुद्धा बदलता येतात. जगभर लोक त्या जमवतात. ताईकडे एकच होती. तिचं नाव पिहू. दुधासारखी पांढरी, डोळे खऱ्या काचेचे.

मी पहिल्यांदा पिहूला हात लावायला गेले, तेव्हा ताईने माझा हात धरला होता.

"खिडकीपाशी नको नेऊ. रेझिन म्हातारं होते."

"म्हणजे?"

"पिवळं पडते. उन्हानं, उकाड्यानं... नुसत्या वयानंही. आपल्या बाबाच्या हातासारखं. बाहीच्या खाली काळा, बाहीच्या आत गोरा. तसं हिचं तोंड आधी पिवळं पडीन, कपड्याच्या आतलं अंग मागून. आणि एकदा पिवळं पडलं का मांगं नाई फिरत."

पिवळी पडलेली बाहुली पुन्हा पांढरी होत नाही. वरचा थर घासून काढला तर थोडा फरक पडतो, तोही चेहऱ्याची सगळी रंगरंगोटी घालवून. जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर लोक याच गोष्टीवर हळहळत असतात, हे मी नंतर स्वतः वाचलं. हे शास्त्र आहे, यात गूढ काही नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते.

ताईचं लग्न मंगरूळपीरजवळच्या एका गावात झालं. विशालभाऊजी शेती करतात, माणूस भला. तिची सासू — मी त्यांना शांतामावशी म्हणते — तोंडाने फटकळ, मनाने मऊ. रुखवतात पिहूला पाहून त्या म्हणाल्या होत्या, "मायबाई, हे त आमच्या सुनेपक्षा गोरी हाय! आंधी दाखवली असती त हिच्याशीच लावलं असतं विशालचं!" सगळा मांडव हसला होता. नंतर पिहू मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेली, मलमलीच्या कापडात गुंडाळून.

मागच्या हंगामात सोयाबीन निघून गेलं होतं, शेतात तूर उभी होती. ताईला सातवा महिना होता. फोनवर तिचा आवाज इतका बारीक आला की मला आधी वाटलं रेंज नाही.

"काही नाई वं... तोंड कडू झालं. काहीच जात नाई पोटात."

मग भाऊजींनी फोन घेतला. "कावीळ हाय. बुवाची माळ घातली. उतरून राह्यली."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहराच उतरला होता. गरोदर बाईची कावीळ म्हणजे जिवाशी खेळ. यकृत बसलं तर आई आणि लेकरू, दोन्ही जातात. हे आमच्याच एका पत्रकात छापलेलं होतं. बाबा पायाने अधू, त्यांना एवढा प्रवास झेपत नाही. मी मिळाली ती एसटी धरली. मेडशीहून मालेगाव, मालेगावहून शेलूबाजार, तिथून मंगरूळपीर. प्रत्येक स्टँडवर गाडी थांबली की वाटायचं, उतरून पळत सुटावं.

पोचले तेव्हा दुपार होती. मधल्या खोलीत ताई पडलेली. गळ्यात मुळ्यांच्या तुकड्यांची माळ, ती आता पोटाच्या खाली आलेली. माळ लांबली म्हणजे कावीळ खाली उतरली, असं सांगतात. साध्या गाठी आहेत हो त्या! काड्या सुकतात, गाठी सुटत्या राहतात, माळ लांबते. निरोग्या माणसाच्या गळ्यात घाला, तरी लांबते. मी पन्नास जणांसमोर माझ्याच गळ्यात घालून दाखवलंय.

पण खोलीत माळेपेक्षा वाईट काहीतरी होतं. ताईच्या उशाशी, कपाटातून काढून, पिहूला बसवलं होतं. आणि पिहू पिवळी होती.

"पायलं काय?" मावशी हळू आवाजात म्हणाल्या. डोळ्यात पाणी, पण चेहऱ्यावर केवढी आशा. "पांघरून काढाले कपाट उघडलं, त हे अशी! बुवा म्हने, बाहुली पोरीची कावीळ ओढून राह्यली. पुरी पिवळी झाली का पोरगी मोकळी. तवरोक गावची नदी वलांडाची नाई. वलांडली त लेकराले धोका."

म्हणजे बाहुली आणखी पिवळी होईपर्यंत हे सगळे वाट पाहत बसले होते. दवाखाना नाही, रक्ततपासणी नाही. उसाचा रस, फुटाणे आणि वाट पाहणं!

"भाऊजी, गाडी काढा," मी म्हटलं.

भाऊजी दारात उभे होते, दाढी वाढलेली. त्यांनी आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "मैत्री, मले का समजत नाई? पन रस्त्यात काही झालं त... लोक म्हनतीन, यानंच मारलं."

"आन इथं झालं त?"

मी ताईचा हात हातात घेतला. तापलेला, सुकलेला हात. तिने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. "आली तू," एवढंच म्हणाली. पोटावर एक हात होता, तो तिने हलवला नाही.

मला ठाऊक होतं की भांडून उपयोग नाही. आरडाओरडा केला असता तर 'शिकलेली पोरगी अपमान करून राह्यली' म्हणून दार बंद झालं असतं. माझ्याकडे एकच हत्यार होतं, आणि ते मी शेकडो वेळा वापरलेलं होतं... सर्वांसमोर करून दाखवायचं.

"मावशी, या इकडं," मी पिहूला उचलून ओसरीत, लख्ख उजेडात आणलं. "हे बाहुली ज्या मालाची हाय ना, थो माल आपोआप पिवळा पडते. ऊन लागलं का, कपाट तापलं का. कोनाची कावीळ ओढाले नाई लागत. दाखवतो तुमाले. तोंड पिवळं हाय ना? आता फ्रॉक काढतो. आतलं अंग झाकेल असते, थे पांढरं असन. कावीळ असती त सगळीकडं असती ना?"

मावशी पुढे झाल्या. भाऊजीही आले. मी फ्रॉकची बटणं काढली.

आतलं अंग तोंडापेक्षा पिवळं होतं.

छाती, पोट, मांड्या... जिथे कधी सूर्य पोचला नाही, तिथे सर्वांत जास्त. आणि पोट तर जणू हळदीत बुडवून काढलेलं. मी बोटाने पुसलं. ओला रुमाल घासला. रुमाल पांढराच राहिला.

"पाय!" मावशी ओरडल्या. "पाय! आता बोल! इतकी शिकली, पोरांसमोर भाषनं देतं, आता सांग हे काय हाय!"

आजवर कुठल्याही प्रयोगाने मला असं तोंडघशी पाडलं नव्हतं. आणि नेमकं आज, जेव्हा आत माझी बहीण...

मग मला एक गोष्ट सुचली. कशी सुचली, माहीत नाही.

"बरं," मी म्हटलं. "मानलं. हे ओढून राह्यली. पुरी पिवळी झाली, अंगभर झाली. आता ओढाले काही उरलं नाई. मंग ताई बरी झाली पाह्यजे का नाई?"

मावशींनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"चाला. पाहू तिचे डोळे."

आम्ही तिघं आत गेलो. मी पिहूला ताईच्या शेजारी ठेवलं, खिडकी सताड उघडली आणि ताईच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढली. पांढरं असायला हवं ते पिकलेल्या लिंबासारखं पिवळं होतं. मावशींनी पदर तोंडात धरला. त्यांना आता वेगळं सांगायची गरज नव्हती. ज्या बाहुलीच्या भरवशावर त्या बसल्या होत्या, तिने ओढायचं तेवढं ओढलं होतं, आणि सून तशीच होती.

"विशाल," त्या म्हणाल्या, "गाडी काढ. नदी गेली खड्ड्यात."

भाऊजी पळत सुटले.

आणि त्याच क्षणी, ताईची पापणी सोडताना, माझी नजर शेजारी पडलेल्या पिहूवर गेली. तिचे डोळे. काचेचे डोळे. त्यांचा पांढरा भागही तसाच होता. तंतोतंत तसाच... पिकलेल्या लिंबाचा रंग.

रेझिनचं मी काहीतरी कारण शोधलं असतं. काचेचं?

मी डोळ्यांवरून ओला रुमाल फिरवला. काही नाही. ते डोळे डोक्याच्या आतून, मागच्या बाजूने बसवलेले असतात. टोप काढून पाहिला. डोळे जागेवर धरायला ताईने लावलेला मेणाचा गोळा जसाच्या तसा होता, कुणी हात लावलेला नव्हता. मी खिशातून मोबाइल काढला, बाहुलीचा फोटो घेतला आणि ताईला उचलायला गेले. त्या वेळी विचार करायला सवड नव्हती. मावशींनी पिहूला कापडात गुंडाळून पिशवीत घातलं. "हे संगं नसन त मी नाई येत," म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

वाशीमच्या दवाखान्यात रक्त घेतलं आणि लगेच अकोल्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये ताई असंबद्ध बोलायला लागली. मला 'आई' म्हणाली. आमची आई जाऊन कितीतरी वर्षं झालीत. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. बुवाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का, ते तुम्ही ठरवा. मावशींच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्याने झालं नाही.

आयसीयू, सलाईन, रक्ताच्या पिशव्या. बाळाचे ठोके नीट आहेत ना, हे कळण्यासाठी आम्ही नर्सच्या चेहऱ्याकडे बघायचो. एकदा तर डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला नेलं आणि ते परत आले तेव्हा भिंतीला धरून खाली बसले.

पण ताई सावरली. हळूहळू तिला माणसं ओळखू यायला लागली. जनरल वॉर्डात आणल्यावर एका सकाळी तिने विचारलं, "पिहूले कोनी पान्यात त नाई टाकलं ना?" आणि मी कॉटखालची पिशवी ओढली.

कापड उलगडलं. खिडकीतून सरळ उजेड येत होता.

पिहू पांढरी होती. तोंड, पोट, मांड्या. दुधासारखी. डोळे निर्मळ. मी ताईकडे पाहिलं, तिच्याही डोळ्यांचा पिवळेपणा जवळजवळ गेला होता. ताईने बाहुली हातात घेतली, बोट तिच्या पोटावर टेकवून पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी केलंय.

"घासली काय तू?"

घासली असती तर चेहऱ्याचा रंग गेला असता. ओठांची बारीक रेघ जशीच्या तशी होती.

मी सगळं तपासलंय. खोलीचा उजेड? पिवळेपणा मी ओसरीत उन्हाच्या उजेडात पाहिला. हळद? रुमाल पांढरा राहिला. बाहुली बदलली? पायाच्या तळव्याखाली ताईने स्वतः कोरलेलं अक्षर आहे. माझी भीती, माझी झोप नसणं? मावशींना आणि भाऊजींनाही दिसलं होतं. मोबाइलमधला फोटो आहे, त्यातही ती पिवळी आहे. पण मोबाइल रंगांशी काय काय खेळतो हे मला माहीत आहे, त्यामुळे मी त्याला पुरावा म्हणणार नाही. जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर गोष्ट न सांगता फक्त विचारलं, तर उत्तर आलं की पिवळं पडलेलं रेझिन पांढरं होत नाही, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मीही हेच उत्तर दिलं असतं.

ताईला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत.

हे सगळं मी पोटातच ठेवणार होते. पण मध्यंतरी ताईकडे गेले असताना शेजारच्या सिंधूबाई ओसरीत आल्या. त्यांच्या नवऱ्याला कावीळ झाली होती. दोन्ही हात जोडून त्या मावशींना म्हणाल्या, "शांताबाई, तुमची थे बाहुली द्या ना. आठ रोजासाठी. तुमच्या सुनेची ओढली, आमच्याही मानसाची ओढीन."

ज्याला भीत होते, ते दारात येऊन उभं होतं. आता ही बाहुली घरोघर फिरणार, आणि घरोघर लोक तिचा रंग बघत बसणार, आतलं माणूस जाईपर्यंत. मी तोंड उघडलं. पण मावशी माझ्याआधी उठल्या.

"बाहुली नाई भेटत," त्या म्हणाल्या. "तिनं ओढली का नाई ओढली, देवाले ठाऊक. पन माह्या डोयानं मी पायलं, थे पिवळी होऊन बसली होती तवा बी माही सून मरूनच राह्यली होती. उठली थे सलाईननं. तुह्या मानसाले उचल. विशाल, गाडी काढ रे!"

गाडीत मागे सिंधूबाईंसोबत आम्ही दोघी दाटीवाटीने बसलो. पुढे सिंधूबाईंचा नवरा मान टाकून बसला होता. नदीचा पूल गेल्यावर मावशींनी मला कोपराने ढोसलं.

"खरं सांग पोरी. काय होतं वं थे?"

"मले नाई माहीत, मावशी."

"त्या बुवाले माहीत असन?"

"त्यालेही नाई."

"मंग कोनाले माहीत हाय?"

"कोनालेच नाई. अजून."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पुढे वाकून भाऊजींच्या खांद्यावर थाप मारली. "जोरानं घे ना रे बाप्पा, मानसाले घेरी येऊन राह्यली."