फुलंब्रीचा माणूस आणि न उगवलेली मेथी

आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर सगळ्यांनी मिळून भाजीची बाग करायची असं ठरलं, तेव्हा पुढारपण माझ्याकडं आलं. कारण एवढंच, की मी मूळचा फुलंब्रीचा आणि घरी अजून शेती आहे. “तुम्हाला मातीतलं सगळं ठाऊक असणार,” शेजारच्या बाई म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बागेची कल्पना त्यांचीच. मी मान डोलावली.

खरं म्हणजे मी सोळाव्या वर्षी गाव सोडलं आणि पुढं सगळं आयुष्य चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काढलं. शेती थोरल्या भावानं केली. मी सुट्टीला जायचो, हुरडा खायचो, येताना पोतंभर ज्वारी आणायचो. पण त्या दिवशी हे सांगावंसं वाटलं नाही. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं, ते बरं वाटलं.

पडेगावकडची आमची वस्ती तशी नवी. माणसं एकमेकांना गाडीवरून ओळखायची. पांढरी गाडीवाले, लाल स्कूटरवाल्या. दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण टिकाव-घमेली घेऊन त्या प्लॉटवर उतरलो. विटांचे तुकडे, सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि कमरेएवढं गाजरगवत. तीन रविवार नुसती सफाई चालली. तळहाताला फोड आले. मध्येच कुणीतरी घरून चहाची किटली आणायचं आणि आम्ही विटांच्या ढिगावर बसून चहा प्यायचो. त्या चहाला चव काही वेगळीच असायची. घरी आलो की मी आंघोळ करून, जेवून असा गाढ झोपायचो, की बायको म्हणायची, “पहिली पाळी करून आल्यासारखे झोपता तुम्ही.”

मग वाफे केले. ते काम माझ्या हातचं होतं. दोरी ताणून, टेपनं मोजून असे सरळ वाफे आखले, की बाईंनी मोबाईलवर फोटो काढला. त्यात मेथी पेरली. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरातून भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीनं यायचं. मी उभा राहून सांगायचो, “घाला, अजून घाला.”

आठ दिवस झाले. दहा झाले. वाफ्यात चार-दोन पिवळे कोंब आणि बाकी सगळी टणक, भेगाळलेली जमीन.

“थंडी आहे ना, वेळ लागतो,” मी म्हणालो. लोकांनी विश्वास ठेवला, त्याचंच मला जास्त लागलं. भावाला फोन करावा असं रोज मनात यायचं. पण एवढ्या वर्षांनी त्याला विचारायचं काय, तर मेथी कशी पेरतात? फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो.

एके दिवशी सकाळी मी एकटाच वाफ्यांशी बसलो होतो. कुंपणाबाहेर मेंढरं आली. त्यांच्यामागं साठीच्या आसपासची एक बाई, हातात काठी, डोक्यावर पदर. दौलताबाद रस्त्याकडेच्या माळावर त्यांच्या लोकांचं बिऱ्हाड उतरलेलं मी पाहिलं होतं.

“दादा, काय पेरलंय?” तिनं विचारलं.

“मेथी.”

“कवा?”

“झाले बारा दिवस.”

ती फाटक ढकलून आत आली. वाफ्यातलं एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरायला पाहिलं. चुरलं नाही. “ही माती व्हय? ह्यो मुरूम हाय नुसता. आन् पाणी लई घालता तुमी. वर पापुद्रा धरलाय. कोंबानं डोकं काढायचं कुठून?”

मग तिनं बी किती खोल टाकलं ते विचारलं. मी बोटाची दोन पेरं दाखवली. ती हसली, पण वाईट हसली नाही. “शेती नाय का केली कधी?”

“नाही,” मी म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोललो आणि एकदम हलकं वाटलं.

“मग मेंढरं बसवा दोन रोज. आपसूक खत हुईल.”

त्या रविवारी चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगून टाकलं. मला शेतीतलं काही येत नाही, मेथी माझ्यामुळं गेली, आणि एक बाई मेंढरं बसवायला तयार आहे. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, “मी सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. बी कसं उगवतं याची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते. पण माझ्याकडं कुंडीतली तुळससुद्धा टिकत नाही हो!” सगळे हसले. एकानं वासाचं काढलं, पण बाई म्हणाल्या, “दोन दिवस खिडक्या लावून घेऊ.” ठरलं.

मेंढरांनी दोन मुक्काम केले. संध्याकाळी दोरीची जाळी, म्हणजे वाघर, लावून त्यांना प्लॉटवर कोंडायचं आणि सकाळी चरायला सोडायचं. वास आला, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी निम्मी कॉलनी कोकरं बघायला कुंपणाशी उभी. घराघरातून ज्वारी गोळा करून आम्ही त्या मेंढरंवाल्या बाईला दिली. मग लेंड्या मुरमात कालवल्या, वर वाळका पालापाचोळा मिसळला आणि पंधरा दिवस नुसतं थोडं-थोडं पाणी शिंपडत राहिलो. पेरायच्या दिवशी ती स्वतः आली. बी मुठीतून कसं विस्कटायचं, वरून मातीचा हात कसा फिरवायचा, ते तिनं बाईंना आणि मला शेजारी बसवून शिकवलं.

पाचव्या दिवशी सकाळी बायको माझ्याआधी बागेत गेली होती. “अहो, लवकर या!” मी गुडघे धरत खाली बसलो. वाफाभर दोन-दोन पानांची मेथी उगवली होती. ओळी अशा नव्हत्याच. काही कोंबांच्या डोक्यावर अजून बियांचं टरफल होतं. मी तिथूनच भावाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आधीच इचारायचं ना येड्या.” मग अर्धा तास तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. आम्ही दोघं इतकं कधी बोललो होतो, आठवत नाही.

महिन्याभरानं, बिऱ्हाड हलायच्या आदल्या दिवशी, ती मेंढरंवाली निरोप घ्यायला आली. मी मेथीची जुडी बांधून तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि वाफ्याच्या कडेला बसून मी उपटून टाकलेल्या तणातलं काहीतरी वेचू लागली.

“मावशी, ते तण आहे.”

“तण कशाचं? पाथर हाय ही. भाकरीसंगं कच्चीच खायाची.” तिनं चार पानं झटकून माझ्या हातावर ठेवली. “खाऊन बघा.”

मी खाल्ली. आधी कडसर लागली, मग मागाहून थोडी गोड. उरलेली पानं बायकोसाठी रुमालात गुंडाळून मी घरी घेऊन गेलो.