दुसरं कांडप

पंचवटीत आमची पिठाची गिरणी आहे आणि ती मी चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक गिरणीत शिरले की मला ओलांडून मालक कुठे आहेत ते शोधायला लागतात. मालक, म्हणजे आमचे हे, टेम्पो घेऊन भाजीपाला वाहत असतात. गिरणीतलं त्यांना मेन स्विच कुठे आहे एवढंच ठाऊक.

उन्हाळा लागला की गव्हापेक्षा मिरचीच जास्त येते. कांडप, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, आमच्याकडे एकच. आणि आमच्या भागातली एकही बाई मिरची ठेवून घरी जात नाही. गव्हाचा डबा खुशाल ठेवून जाईल, पण मिरची डोळ्यांसमोरच कुटून घेणार. आपल्या बेडगीत शेजारणीची लवंगी मिसळली तर वर्षभराच्या भाजीचा सत्यानाश, अशी त्यांची ठाम समजूत. त्यामुळे पदर नाकाला लावून, शिंकत, डोळे पुसत सगळ्या माझ्या ओट्यावर बसून राहतात.

यंदा पलीकडच्या गल्लीत नवी गिरणी उघडली. तिथे दोन कांडपं. सीझनच्या पहिल्याच आठवड्यात माझं एक जुनं गिऱ्हाईक पिशवी उचलून उभं राहिलं.

"काकू, अजून किती वेळ ओ? नाहीतर तिकडं जाते मी."

गेलीसुद्धा. मला असा काही राग आला! तिच्यावर नाही, त्या एकुलत्या एका यंत्रावर.

त्याच दिवशी ठरवलं, दुसरं कांडप घ्यायचं आणि त्यासाठी कर्ज काढायचं. आमच्यावर आधीच दोन हप्ते होते, एक टेम्पोचा आणि एक गिरणीचा. गिरणीचं कर्ज पतसंस्थेचं, पहिलं कांडपही त्यातूनच आलेलं, अजून दीड वर्षाचं राहिलेलं. पण मी एकही हप्ता कधी चुकवलेला नव्हता, आणि पतसंस्थेतल्या साहेबांना ते माहीत होतं. "तुम्हाला काय, लगेच मिळेल. जामीनदार तेवढा मागचाच आणा," ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी जरा फुगलेच.

ह्यांनी जेवताना विचारलं, "तीन हप्ते झेपतील?"

"सीझनला झेपतील की."

"आणि श्रावणात?"

भर पावसात कोण मिरची कुटतं! मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली आणि विषय बदलला. पण प्रश्न काही जाईना.

मागचा जामीनदार म्हणजे माझी मोठी नणंद. सिन्नरला शाळेत शिकवतात, भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्याच राहतात. आमच्या घरात जामिनाची सही चहाबरोबर मागतात आणि चहा संपायच्या आत देतात. कागद वाचायला घेतला तर समोरच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो. उद्या हप्ता थकला तर काय, हे तर कुणी उच्चारायचंही नाही. ते अभद्र बोलणं.

रविवारी मी एसटीने सिन्नरला गेले. ताईंनी पेन आधीच काढून ठेवलं होतं. माझ्या डोक्यात तो श्रावण बसलेला, म्हणून मी म्हटलं, "ताई, या वेळी वाचून सही करा."

"वाचून काय करायचंय? मागच्या वेळी वाचलं असतं तरी केलीच असती." मग चष्मा पुसता पुसता सहज म्हणाल्या, "आमच्या शिक्षकांच्या सोसायटीतून मी घरासाठी कर्ज काढणार होते गं. तिथं कळलं, तुझ्या कर्जाला पगाराची हमी दिलीय, ती सुटल्याशिवाय मला काही मिळायचं नाही. असू दे. रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत अजून."

नवं कर्ज पाच वर्षांचं होतं. रिटायर झालेल्या बाईला पगारावर कोण कर्ज देणार? आता सही घेतली असती तर ताई जन्मभर त्या भाड्याच्या खोल्यांतच राहिल्या असत्या, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं. तरी पेन हातात होतं.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सांगून काय केलं असतंस?"

"लवकर फेडलं असतं!"

मी कागद उचलून पर्समध्ये कोंबला. सीझनचा सगळा पैसा आधी जुन्या कर्जात घालणार, पावसाच्या आत तुमची हमी सोडवणार, असं त्यांना तिथेच बजावलं.

"आणि तुझी गिऱ्हाइकं?"

"त्यांचं मी बघते."

बघितलंही. पहाटे पाचला गिरणी उघडायला लागले आणि प्रत्येकीला फोनवर वेळ ठरवून दिली. तुझी वेळ झाली की ये, तुझ्या डोळ्यांसमोर कुटते, ओट्यावर ताटकळायचं कारण नाही. पहिले काही दिवस बायकांनी नावं ठेवली. काकूंनी दवाखाना काढलाय म्हणाल्या. चार-पाचजणी पलीकडच्या गल्लीत गेल्या त्या गेल्याच. बाकीच्या टिकल्या. उलट शिंका कमी झाल्या म्हणून खूश होत्या.

पाऊस लागायच्या आत पतसंस्थेत जाऊन उरलेली रक्कम एकदम भरली. साहेब म्हणाले, आता नवं कर्ज घ्याच. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात बघू, घाई नाही. आणि खरंच नव्हती. बाहेर पायरीवर येऊन ताईंना फोन लावला आणि सांगितलं की हमी सुटली.

त्या चिडल्याच. "माझ्यापायी तुझं दुसरं कांडप राहिलं ना?"

"ताई, पहिलं कुणापायी आलं?"

मग ताई हळूच म्हणाल्या, "घर बघायला माझ्याबरोबर येशील?"