पाहुण्यापुढे न आलेला खोकला

आमच्या बाबांचा खोकला अख्ख्या महाल मोहल्ल्यात ऐकू जात असे. फक्त ज्या दिवशी तो सरकारला ऐकू जायला हवा होता, त्या दिवशी आला नाही.

बाबा घरी हातमागावर लुगडी विणत. सुताची धूळ छातीत बसलेली. तोच खोकला गिरणीत काम करून कमावलेल्या शेजाऱ्याला विम्याच्या दवाखान्यात औषध फुकट. बाबांना थेंबही नाही! घरी विणणाऱ्याला मालकच नसतो, मग विमा कोण उतरवणार? सत्तरच्या दशकातली गोष्ट. गरिबी हटवायचं वारं होतं. आम्ही मोर्चे काढले, आणि शेवटी मुंबईचे एक साहेब पाहणीला येणार असं ठरलं. तेही आमच्याच घरी! (मी विणकर संघटनेचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे शाई घरून आणणारा.)

आदल्या दिवशी मी तालीम घेतली. "बाबा, साहेब बसले की खोकायचं."

"पाव्हन्याच्या तोंडावर खोकू? मले काही वळन नाही का गा?"

"अहो, तुमचा खोकला पाहायलेच येऊन राहिले ते!"

"येऊ दे ना. पन पाव्हनाच आहे तो."

आईनं तर कहर केला. घर आहे तसं राहू दे म्हटलं, तर तिनं भिंतींना चुना फासला, शेजारचा टेबलफॅन आणला, ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि चुलीवर तिखटजाळ सावजी मटणाचा रस्सा चढवला.

"माय, आपन गरीब दिसाले पाहिजे वं!"

"असनं वेगळं, दिसनं वेगळं. पाव्हन्याले काय फुटाने देऊ?"

साहेब आले, जेवायला बसले. समोर बाबा पांढऱ्या सदऱ्यात, खोकला दाबून, लालबुंद. साहेब खूश. "वा! चेहऱ्यावर काय तेज आहे!" बाबांनी नुसती मान डोलावली. तोंड उघडण्याची सोय नव्हती!

माझा धीर सुटला. मी स्वयंपाकघरात शिरलो आणि मूठभर भिवापुरी मिरच्या चुलीत टाकल्या. (हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही. आईनं पाहिलं होतं. ती फक्त कपाळाला हात लावून बसली.) म्हटलं, धूर होईल, बाबा खोकतील, काम फत्ते!

पण जन्मभर सावजी फोडणीत मुरलेल्या बाबांना तो धूर शिवलासुद्धा नाही. टेबलफॅननं इमानदारीनं तो सगळा साहेबांकडे वळवला. साहेब खोकले. शिंकले. डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्यासाठी चाचपडताना हाताला लागली ती वाटी त्यांनी घटाघटा तोंडाला लावली. वाटी रश्श्याची होती!

साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर पान खायला गेलेला. बाबांनी आणि मी साहेबांना सायकल-रिक्षात कोंबून गिरणीवाल्यांच्या विम्याच्या दवाखान्यात नेलं.

"कार्ड?" कंपाउंडरनं विचारलं.

"अहो, हे साहेब आहेत!" मी म्हणालो.

"कोन्या गिरनीत?"

"गिरणीत नाही, सरकारात!"

"मंग नाही भेटत औषध. नियम आहे."

सुजलेल्या ओठांतून साहेब कसेबसे म्हणाले, "हा नियम... कोणी केला?"

"तुमीच केला असन ना, साहेब!"

बाबांनी साहेबांना बाकावर बसवलं, पाठ चोळली. "असे वाकून बसा. मी रोज असाच बसतो, बरं वाटते." आणि तिथे, घरच्या उंबऱ्याबाहेर आल्यामुळे असेल, बाबांचा खोकला सुटला. असा सुटला की रांगेतले रोगी उठून उभे राहिले! साहेब आपलं दुखणं विसरून बघतच राहिले.

"तुमच्या घरात तासभर बसलो तर माझी ही गत," ते म्हणाले, "तुम्ही जन्म कसा काढता? तुम्हाला दवाखाना मिळालाच पाहिजे!"

मी मिरच्या गिळून गप्प. बोललो असतो तर बाबांचं औषध गेलं असतं.

वर्षभरात विणकरांसाठी मोहल्ल्यात दवाखाना उघडला. बाबांना औषधाची बाटली मिळाली, रात्री झोप मिळाली. साहेबांच्या शिफारशीवरून एक आरोग्य समितीही नेमली गेली. तिचं मुख्य काम, घराघरांतला धूर थांबवणं. अध्यक्ष, एकमतानं, मी!

"बरोब्बर मानूस निवडला," आई म्हणाली.

सत्काराला उत्तर देताना मी ठणकावून सांगितलं, "बंधूंनो, प्रत्येक धुरामागे कोणीतरी एक अडाणी माणूस असतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या उभ्या आयुष्यातलं तेवढं एकच भाषण शंभर टक्के खरं होतं!